याला कुठेतरी पाहिलंय!

सासूबाईंच्या शेजारी बसून इंग्रजी चित्रपट पाहणे हे एक व्रत आहे, आणि मी ते गेली कित्येक वर्षे दर रविवारी संध्याकाळी निमूटपणे आचरीत आले आहे. पडद्यावर नवा चेहरा आला की त्यांच्या हातातली लसणाची पाकळी अर्धवट सोललेली राहते, चष्मा नाकावर वर सरकतो आणि "याला कुठेतरी पाहिलंय" असे म्हणत त्या त्या नटाचे आमच्या गणगोतात बिऱ्हाड मांडून देतात. मायकेल केन हा त्यांच्या ठाण्याच्या भाचेजावयासारखा दिसतो. एकदा नाते जुळले, की पुढे त्या नटाने तीन खून केले तरी "तसा स्वभावाने गरीब आहे हो" अशी त्याची बाजू घेतली जाते आणि कथानक माझ्या हातून निसटते.

या वंशावळीत काही केल्या बसेना असा एकच नट निघाला, तो म्हणजे सर ॲलेक गिनेस. १९१४ साली लंडनमध्ये जन्मलेल्या आणि जाहिरातींचा मजकूर लिहिण्याची नोकरी करून मग रंगभूमीवर आलेल्या या गृहस्थाचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा होता. त्यावर काय हवे ते लिहावे आणि पुसून टाकावे.

माझी खरी कसोटी लागली ती 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' या १९४९ सालच्या चित्रपटाच्या वेळी. उमरावपद मिळावे म्हणून एक तरुण आड येणाऱ्या वारसांचा एकामागून एक काटा काढतो, असे ते कथानक आहे. आणि सरदार, सावकार, पाद्री, सेनापती यांच्यापासून थेट बाईसाहेब अगाथांपर्यंत त्या घराण्यातली आठही माणसे गिनेसनेच केली आहेत. त्याला म्हणे आधी चारच भूमिका देऊ केल्या होत्या, आठ त्याने स्वतः मागून घेतल्या. सासूबाईंनी पाद्र्याला कुठेतरी पाहिले होते, सेनापतीलाही पाहिले होते, आणि अगाथाबाईंना तर त्या नक्की कुठल्याशा मुंजीत भेटल्या होत्या. हा सगळा एकच माणूस आहे असे मी सांगताच त्यांनी माझ्याकडे, दूध उतू घालवलेल्या सुनेकडे पाहावे, तसे पाहिले. एका दृश्यात तर घराण्यातली सहा माणसे एकदम दिसतात. संगणक नसलेल्या त्या काळात कॅमेरा जागचा हलू न देता, भिंगाचा बाकीचा भाग झाकून, फिल्म पुन्हापुन्हा मागे गुंडाळून ते चित्रण केलेले आहे. हे सारे मी समजावून सांगितल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "मग पगार आठ जणांचा दिला की एकाचा?"

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मधल्या ज्या कर्नलने गिनेसला ऑस्कर मिळवून दिले, त्याला सासूबाईंनी अजिबात ओळखले नाही. शत्रूचा पूल एवढा मन लावून बांधणारा माणूस आपल्या ओळखीचा असणे शक्यच नाही, असा त्यांचा निर्वाळा पडला. 'स्टार वॉर्स'मधल्या दाढीवाल्या ओबी-वानला ओळखले ते नातवाने. त्या चित्रपटाच्या भक्तांचा गिनेसला पुढे एवढा वीट आला, की शंभराहून अधिक वेळा तो पाहिलेल्या एका मुलाला, स्वाक्षरी हवी असेल तर हा चित्रपट पुन्हा पाहू नकोस, अशी अट त्याने घातली होती. मात्र त्याने नफ्यातला हिस्सा करारातच लिहून घेतला होता हे कळल्यावर सासूबाईंचे मत जरा निवळले. "व्यवहार कळत होता म्हणायचा."

आणि मग एका रविवारी मी 'अ पॅसेज टू इंडिया' लावला. १९८४ सालच्या या चित्रपटात गिनेस तोंडाला तपकिरी रंग फासून प्राध्यापक गोडबोले झाला आहे. ही निवड तेव्हाही अनेकांना खटकली होती आणि मलाही खटकते, पण त्या संध्याकाळी माझी चिंता वेगळीच होती. सासूबाई माहेरच्या गोडबोले.

पूजाप्रार्थना लांबल्यामुळे प्राध्यापकांची गाडी चुकते, तिथे लसणाची परात बाजूला सरली.

"हा गोडबोले नव्हे. आमच्यात गाडीच्या आधी तासभर फलाटावर जाऊन बसतात."

"आई, हा तोच नट आहे. आठ जणांचं काम करणारा."

त्यांनी मला चित्र थांबवायला लावले. पदराने चष्मा पुसून त्या उठल्या, टीव्हीपासून वीतभर अंतरावर जाऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ निरखत राहिल्या. फोडणी जळल्याचा वास आला तरी मी जागची हलले नाही.

"रंग फासलान म्हणून कळलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "नाक बघ की. आमचे नानाकाका!"