परवाना दिला की लूट थांबते?

‘पुरातन वस्तूंचा व्यापार खुला करा, चोरबाजार आपोआप बंद पडेल, वारसा वाचेल’ असा मजकूर ठाणे-कल्याणच्या इतिहासप्रेमींमध्ये फिरतो आहे. त्यातले दावे तपासू.

‘भारतात व्यापारावर बंदी आहे.’ नाही. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार परवाना घेऊन देशात अशा वस्तूंची खरेदी-विक्री करता येते. बंदी आहे ती खासगी निर्यातीवर. तेव्हा मागणी परदेशी गिऱ्हाइकासाठी दार उघडण्याची आहे, हे सरळ सांगावे.

‘उघड बाजारात कागद तपासले जातात.’ तमिळनाडूतल्या देवळातून चोरलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये ५० लाख डॉलरना घेतला, न्यूयॉर्कमधल्या उघड दुकानातून. मूर्ती हा १९७२चा कायदा येण्याआधीच भारताबाहेर गेल्याचे कागद बनावट निघाले. ती परत यायला २०१४ उजाडले.

‘कोणीही विकत घेवो, वस्तू तर वाचते.’ सगळ्यात घातक समज हाच. १८८२ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या सोपाऱ्यात पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी बौद्ध स्तूप खणला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक (डबा), त्यात एकात एक ठेवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे, सोन्याचे करंडक. भोवती आठ ब्राँझ मूर्ती. ऐवजात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. नाणे दुसऱ्या शतकाच्या आसपासचे, मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या. यावरूनच कळले, की स्तूप पुढे कधीतरी उघडून पुन्हा बंद केला होता. नाणे एकाला आणि मूर्ती दुसऱ्याला विकल्या असत्या, तर दोन्ही शाबूत राहूनही ही माहिती कायमची गेली असती.

‘इंग्लंडमध्ये जमते.’ तिथे सापडलेला खजिना कळवला की संग्रहालय बाजारभाव देते. तरीही २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांनी सुमारे ३०० नाण्यांचा साठा लपवला. जेमतेम ३० नाणी हाती लागली.

बदल हवा तो १८७८च्या निखात निधी (पुरलेले धन) कायद्यात. दहा रुपयांवरची कोणतीही पुरलेली वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, पण सरकारने ती घेतली तर मिळते धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे कोकणच्या शिलाहार राजांच्या ताम्रपटाला (तांब्याच्या पत्र्यावरच्या लेखाला) भंगाराचा भाव! बक्षीस वाढवा, मजूर स्वतःहून पुढे येईल.

तोवर घोडबंदरच्या बांधकामात पाया खणताना काही लागले, तर पोकलेन थांबवा. वस्तू जागेवरच असताना शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, जमिनीपासूनची खोली लिहा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. ताम्रपट चिंचेने घासू नका. गंजाच्या थरासोबत अक्षरांच्या कडाही झिजतात.