बॉब प्रोबर्टला फक्त मुठींसाठी लक्षात ठेवू नका

आइस हॉकीतल्या दांडगट खेळाडूंचा विषय निघाला की बॉब प्रोबर्टच्या मारामाऱ्यांचे व्हिडिओ फिरू लागतात. मला वाईट वाटतं, कारण हा माणूस खरोखर चांगला खेळायचा.

१९८७-८८चा हंगाम बघा. डेट्रॉइट रेड विंग्जकडून ७४ सामने, २९ गोल, ३३ असिस्ट (गोलसाठी दिलेले पास) आणि ३९८ पेनल्टी मिनिटं, म्हणजे शिक्षा म्हणून बाहेर बसलेला वेळ. पेनल्टी मिनिटांत तो एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगमध्ये, पहिला होता आणि त्याच वर्षी ऑल-स्टार सामनाही खेळला. प्लेऑफच्या, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांच्या, १६ सामन्यांत २१ गुण (गोल अधिक असिस्ट) मिळवून त्याने क्लबचा दिग्गज गॉर्डी हाऊचा १९५५पासूनचा क्लबचा विक्रम मोडला. मग अशा खेळाडूला मारामारीला का जुंपलं?

कारण संघाला ती फुकट पडायची. मारामारीला ५ मिनिटांची मेजर पेनल्टी असते, पण दोघेही भिडले तर दोघेही शिक्षेच्या बॉक्समध्ये जाऊन बसतात, बदली खेळाडू उतरतात आणि बर्फावर पाचास पाच कायम राहतात. स्टिकने पाय अडकवून पाडलं तर संघ २ मिनिटं एकाने कमी. ठोसे मारले तर संघाचं काहीच जात नाही! कुरापत कोणी काढली हे रेफरीने ठरवलं, तरच २ मिनिटं जादा. म्हणून कप्तान स्टीव्ह आयझरमनच्या वाटेला कोणी गेलं की गाठ प्रोबर्टशी किंवा त्याचा साथीदार जो कोसरशी.

स्केट्सवर ठोसा मारताना पायाखाली आधार नसतो. म्हणून एका हाताने समोरच्याची जर्सी त्याच्या मारत्या हाताच्या बाजूला घट्ट धरायची. त्याचा हात अडतो, आपला तोल सावरतो. जर्सी डोक्यावरून ओढली गेली की मात्र माणूस आंधळा होतो. बफेलोचा रॉब रे तर जर्सी काढूनच लढायचा, कारण मग धरायला काहीच उरत नाही. शेवटी लीगने जर्सी पँटला पट्ट्याने अडकवणं सक्तीचं केलं. ठोसा हेल्मेटवर बसला तर हाताची हाडं मोडतात. दातांवर बसला तर कातडी फाटते आणि तोंडातले जंतू आत जातात. कोसरचा हात असाच चिघळला होता. प्रोबर्ट आधी मार खायचा आणि समोरचा दमला की सुरू व्हायचा. लोक याचं कौतुक करतात. पण ते सगळे ठोसे डोक्यावरच बसत होते ना?

दारू आणि कोकेन होतंच. मार्च १९८९मध्ये डेट्रॉइट-विंडसर इथल्या अमेरिका-कॅनडा सीमेवर तो कोकेनसह पकडला गेला, तुरुंगात गेला, लीगने बंदी घातली; १९९०मध्ये परतला. पुढे शिकागोकडून खेळताना, १३ फेब्रुवारी १९९९ रोजी, टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्स या स्टेडियममधला एनएचएलचा शेवटचा गोल त्याचाच. एकूण ९३५ सामने, १६३ गोल, ३,३०० पेनल्टी मिनिटं. म्हणजे ५५ तास!

५ जुलै २०१० रोजी, ४५व्या वर्षी, लेक सेंट क्लेअरवर बोटीत असताना तो कोसळला. हृदय थांबलं. कुटुंबाने मेंदू बोस्टन विद्यापीठाला दिला आणि २०११मध्ये त्याला सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसण्याशी जोडला जाणारा मेंदूचा आजार, असल्याचं जाहीर झालं. या आजारात टाऊ नावाचं प्रथिन मेंदूत साचतं, आणि पक्कं निदान मृत्यूनंतर मेंदूचे पातळ काप तपासूनच होतं. हे फक्त ठोशांनी झालं असं मी म्हणणार नाही. बफेलोचा रिक मार्टिन गोल करणारा खेळाडू, भांडखोर नव्हे. त्याच्याही मेंदूत सीटीई निघाला. धडका खेळातून काढता येणार नाहीत, मारामारी काढता येते. आंतरराष्ट्रीय सामन्यांत मारामारी करणाऱ्याला सामन्यातूनच बाहेर काढतात. एनएचएलने तोच नियम उचलावा, आणि शिवाय दोन्ही संघांना ती ५ मिनिटं चारास चार खेळवावं.