हलमध्ये साबण ओतला म्हणून तेल नाहीसं होत नाही

जेटस्कीच्या हलमध्ये, म्हणजे इंजिन बसवलेल्या खालच्या पोकळ सांगाड्यात, तेल-ग्रीस साचलं की काय करायचं, याचा एक रामबाण उपाय सगळीकडे फिरतोय. अर्धी बाटली भांड्यांचा साबण आत ओता, दोन बादल्या पाणी टाका, जेटस्की पाण्यात उतरवा आणि दहा मिनिटं सुसाट पळवा. ‘बिल्जमधून (हलच्या तळातून, जिथे पाणी साचतं) सगळं आपोआप बाहेर पडतं, साबण बायोडिग्रेडेबल आहे, हात काळे करायची गरजच नाही.’ वर जोडटिपा: ग्रीस उरलंच तर पेट्रोलचा बोळा फिरवा किंवा प्रेशर वॉशर मारा. तेही नको असेल तर राहू द्या, तेलामुळे गंज लागत नाही.

एकेक घेऊ.

‘आपोआप बाहेर पडतं.’ पडतं, आणि खरी अडचण तीच आहे. बहुतेक जेटस्कींत पाणी उपसायला सायफन असतो. जेटस्कीला पुढे ढकलणाऱ्या जेट पंपातून पाणी वेगाने जाताना कमी दाब तयार होतो आणि त्या ओढीने हलच्या तळातलं पाणी बारीक नळीतून बाहेर खेचलं जातं. त्या नळीला तेल आणि पाणी यांतला फरक कळत नाही. सप्तरंगी दिसणारा तवंग साधारण ०.३ मायक्रॉन जाडीपासून सुरू होतो. हिशेब करा: १०० मिलिलीटर तेल त्या जाडीत पसरलं तर ३०० चौरस मीटरहून जास्त पाणी झाकतं. हलमध्ये सांडलेलं तेल याहून जास्तही असू शकतं. मोठ्या जहाजांनाही बिल्जचं पाणी गाळून, त्यातलं तेल दशलक्ष भागांत १५ भागांच्या आत आणूनच सोडता येतं. तो मार्पोल या, जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे. जेटस्की त्या नियमाच्या आकाराची नाही, पण पाणी तेच आहे. शिवाय ओढून घेणाऱ्या तोंडाची जाळी अगदी बारीक असते. ग्रीसचे गोळे तिथे अडकले की ज्या दिवशी हलमध्ये खरंच पाणी शिरेल, त्या दिवशी सायफन कामाचा राहत नाही.

‘साबण बायोडिग्रेडेबल आहे.’ असेल. बाटलीवरचा तो शब्द साबणाबद्दल आहे, तेलाबद्दल नाही. साबण तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात मिसळतो. तवंग दिसेनासा होतो. तेल मात्र तेवढंच राहतं, फक्त वरून खाली जातं. अमेरिकेच्या कायद्यात पाण्यावर तवंग येईल असं तेल सोडायला बंदी आहेच, आणि तवंग दिसू नये म्हणून साबणासारखं काही मिसळून सोडायलाही बंदी आहे. ही युक्ती नवी नाही, हे त्यावरून कळतं. माशांच्या कल्ल्यांना तर साबणाचा त्रास वेगळा.

साबणाचं दुसरं नुकसान आपल्याच कामाचं होतं आणि ते कुणी सांगत नाही. तेल टिपायला पॉलिप्रोपिलिनचे पांढरे पॅड मिळतात. ते पाणी घेत नाहीत, फक्त तेल पितात आणि तेल भरल्यावरही तरंगतात. साबण पडून तेल पाण्यात फेसाळलं की हे पॅड जवळजवळ निकामी होतात. म्हणजे आधी साबण ओतला, तर तेल वेगळं काढायचा सगळ्यात सोपा मार्ग आपणच बंद केला. साबणाला माझा विरोध नाही. त्याचा नंबर शेवटी लागतो, एवढंच म्हणणं आहे.

क्रम असा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ट्रेलरवर जेटस्कीचं नाक थोडं वर घ्या, म्हणजे इंजिनाखालचं तेल मागे ड्रेन प्लगकडे, म्हणजे पाणी काढायच्या बुचाकडे, उतरतं. खाली पसरट भांडं ठेवा आणि प्लग एकदम न काढता हळूहळू सैल करा. तेल पाण्यावर तरंगतं आणि प्लग तळाशी असतो, म्हणून आधी बऱ्यापैकी स्वच्छ पाणी येतं. धारेचा रंग तपकिरी-काळा होऊ लागला की भांडं बदला. त्या दुसऱ्या भांड्यातलं वापरलेल्या ऑइलबरोबर, जिथे ते जमा करून घेतात तिथे द्यायचं. उरलेलं तेल पॅडने टिपायचं. हात पोचत नाही अशा जागी, म्हणजे इंजिन माउंटच्या मागे आणि एक्झॉस्टच्या खाली, लांब चिमट्यात किंवा काठीला बांधून पॅड सरकवा, थोडा वेळ तसाच राहू द्या, मग काढा. घासू नका, टिपा. घासलं की तेल पसरतं. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगमधून उडालेलं ग्रीस प्लास्टिकच्या उलथन्याने खरवडून निघतं. एवढं झाल्यावर कोमट पाणी आणि थोडा साबण स्प्रेच्या बाटलीत घ्या, मारा, पुसा, आणि खाली उतरलेलं पाणीही भांड्यातच धरा. कंटाळवाणं काम आहे, कबूल. हात काळे होतात, हातमोजे घाला.

मांजरीच्या वाळूचे खडे किंवा भुसा टाकायचाही सल्ला मिळतो. जमिनीवर सांडलेल्या तेलासाठी चांगला, पण हलमध्ये तोच गाळ सायफनच्या जाळीत जाऊन बसतो.

‘पेट्रोलचा बोळा.’ इथे मात्र मी हसून सोडून देणार नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, हलच्या तळाशी बसून राहते, आणि हल म्हणजे जवळपास बंद पेटीच. सुमारे उणे ४० अंश सेल्सिअसलाही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. त्याच पेटीत बॅटरी आहे, स्टार्टरचा रिले आहे, कुठे कुठे इलेक्ट्रिक बिल्ज पंपही आहे. ब्रेक क्लीनरची गत फार वेगळी नाही: बरेचसे ज्वलनशील, आणि जे क्लोरिनवाले असतात त्यांची वाफ तापलेल्या धातूवर विषारी होते. ॲसिटोनने रबर, प्लास्टिक आणि हलवरचा चकचकीत थर (जेलकोट) हेही खराब होतात. जालीम अल्कलीचे डीग्रीझरही जपून वापरा, कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो आणि इंजिनाचा बराचसा भाग ॲल्युमिनियमचा असतो.

‘प्रेशर वॉशर.’ दाबाचं पाणी कनेक्टरच्या सीलमधून आत घुसतं, एअर इनटेककडे उडतं आणि ज्या बेअरिंगला ग्रीस हवंच आहे तिथलंही ग्रीस धुऊन नेतं. इनटेकमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर ते दाबलं जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

‘तेलाने गंज लागत नाही.’ धातूवर मारलेला पातळ संरक्षक थर वेगळा आणि तळाशी साचलेलं डबकं वेगळं. अनेक प्रकारचं रबर खनिज तेलात फुगतं आणि मऊ पडतं. त्याहून वाईट म्हणजे, आधीच तेल असेल तर नवी गळती कळतच नाही.

आणि गळती होतेच, नाहीतर तेल आलं कुठून? फिरणाऱ्या मेसेजमध्ये याबद्दल एक शब्द नाही. फिल्टर बदलताना सांडलं असेल तर ते एकदाचंच. पण ऑइल प्रमाणापेक्षा जास्त भरलं असेल, तर ते ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) हवा आत घेणाऱ्या एअरबॉक्सकडे आणि तिथून हलमध्ये येऊ शकतं. उलटलेली जेटस्की चुकीच्या बाजूने सरळ केली तरी तेल भलतीकडे जातं. कोणत्या बाजूने फिरवायची याचं चित्र सहसा मागच्या बाजूला चिकटवलेलं असतं. फिल्टरची ओ-रिंग आणि व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट तपासा. हलमधलं तेल दुधाळ दिसलं तर ते खाली पाण्याबरोबर घुसळलेलंही असू शकतं, म्हणून डिपस्टिक काढून बघा. तिथेही दुधाळच असेल तर पाणी इंजिनात गेलंय, आता स्टार्ट करू नका.

हल कोरडा झाल्यावर एक नवा पांढरा पॅड इंजिनाखाली बांधून ठेवा. सुटा टाकला तर सायफनचं तोंड बंद करेल किंवा शाफ्टला गुंडाळला जाईल. पुढच्या फेरीनंतर डाग कुठे पडलाय ते बघा, गळती त्याच्या वर शोधायची.