‘नुसतं एमबीबीएस’ असणाऱ्यांसाठी थोडं मार्गदर्शन

अभिनंदन! साडेपाच वर्षं घासून, इंटर्नशिपमध्ये ट्रॉल्या ढकलून, तुम्ही आता अधिकृतपणे ‘नुसतं एमबीबीएस’ झालात. पटत नसेल तर येत्या गणपतीत गावी जाऊन बघा. डोंबिवलीहून आलेले काका पडवीत बसल्या बसल्या विचारतील, "मग कशात स्पेशालिस्ट?" तुम्ही म्हणाल एमबीबीएस, की काका ताटात मासा नसल्यासारखं तोंड करून म्हणतील, "हां, म्हणजे सध्या नुसतंच." शेजारची आजी मात्र उलटं विचारेल, "डाक्टर झालंस मां, मगे अजून शिकतंस कित्याक?" आजीला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका, तिचा मुद्दा बरोबर आहे आणि बरोबर मुद्द्याला पीजीच्या, म्हणजे स्पेशालिस्ट व्हायच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, अभ्यासात फार वाव नाही.

तर पहिलं काम, पेशंट बघणं बंद करा. खरंच सांगतोय, पेशंट बघून पीजी मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीत कोणी हाका मारत असेल तर लायब्ररीत जाऊन बसा, तिथे तुमच्या बॅचचे सगळे भेटतील. मग ड्रॉप घ्या, म्हणजे एक वर्ष घरी बसून मोबाइलमधल्या अ‍ॅपवर आजार बघायचे. घर देवगड-राजापूरकडचं असेल तर सगळे व्हिडिओ मे महिन्यातच डाउनलोड करून ठेवा, कारण पहिला पाऊस पडला की लाइट जाते, लाइट गेली की टॉवर जातो, आणि मग रेंजसाठी छत्री घेऊन सड्यावर जाऊन उभं राहिलात की लोक विचारतात डॉक्टर झालेलं पोर असं का करतंय.

परीक्षेचं गणित सोपंय. नीट पीजी या पीजीच्या प्रवेश परीक्षेला २०० प्रश्न, साडेतीन तास, बरोबर आलं तर ४ मार्क, चुकलं तर १ कापणार. म्हणजे एका प्रश्नाला ६३ सेकंद. आता आपल्याकडे कोकणात कोणाला फुरसं, म्हणजे विषारी साप, चावलं तर पेशंटचं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं असतं, गोठतंय की नाही ते बघायला, आणि त्या २० मिनिटांत पेशंटशेजारी उभं राहण्यापलीकडे फार काही करता येत नाही. तेवढ्यात परीक्षेत १९ प्रश्न होतात. कुठला वेळ सत्कारणी लागतो ते तुम्हीच ठरवा.

सेंटर लांबचं आलं तर आदल्या दिवशीच निघा, हायवेवर विश्वास ठेवू नका. पण फार लवकर पोचायचीही घाई नको. २३ जून २०२४ ची परीक्षा २२ तारखेच्या रात्री पुढे ढकलली होती, तेव्हा भर पावसात एसटीने निघून लॉजवर बॅग उघडून बसलेल्या पोरांना मोबाइलवर कळलं की आता परत जा. झाली ती ११ ऑगस्टला, दोन शिफ्टमध्ये, मग कुठली शिफ्ट सोपी होती यावर नॉर्मलायझेशनचं, म्हणजे दोन्ही शिफ्टचे मार्क एका पातळीवर आणायचं, भांडण. घरच्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलेलं असतं २३ तारखेचं, आता देवाला नवीन तारीख कोण कळवणार!

रँक कमी आली तरी निराश होऊ नका. २०२३ ला जागा रिकाम्या राहायला लागल्या तेव्हा पात्रतेचा पर्सेंटाइल सरळ शून्यावर आणला होता. शून्य! म्हणजे परीक्षेला जाऊन बसलात हेच पुष्कळ. उलट रँक चांगली आली तर जबाबदारी वाढते, मग ब्रांच निवडताना स्वतःला काय आवडतं असले बालिश प्रश्न विचारू नका. काकांना विचारा. काका सांगतील रेडिओलॉजी घे, नाहीतर स्किन, रात्री दोनला कोणी उठवत नाही. मेडिसिन नको, लहान मुलांचं नको, गायनॅक तर नकोच. पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्य, घेणार म्हणालात तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता होईल. (त्याच सार्वजनिक आरोग्यात एमपीएच करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला तिच्या आत्याने विचारलं होतं, "म्हणजे डासांची पावडर मारायला जायचं का गं?" एमएस्सी नर्सिंगवालीला तर अजून इंजेक्शन देता येतं का एवढंच विचारतात. ती वॉर्डात नव्या डॉक्टरांना इंजेक्शन द्यायला शिकवते ही गोष्ट वेगळी.)

सीट मिळाली, की तीन वर्षं मजाच मजा. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी स्कीममध्ये आठवड्याला ४८ तास ड्युटी असं छान लिहिलेलं आहे, आणि ते पाळलंही जातं. सोमवारी सकाळी आठला चढलात की बुधवारी सकाळी आठला तुमचे ४८ तास पूर्ण, आणि बुधवारी सकाळी आठला राउंड असतो. तेव्हा झोप आली तर उभ्यानेच घ्या, पण मॅडमच्या मागे, पुढे नको. पहिल्या वर्षी तुम्ही मेडिसिन शिकणार नाही, रक्ताच्या बाटल्या लॅबमध्ये नेऊन देणं, एक्सरे शोधणं आणि डिस्चार्ज समरी लिहिणं शिकाल. घरी फोन केला की आई एकच विचारते, जेवलास का, आणि तुम्ही हो म्हणता. हे एवढं खोटं एथिक्स कमिटीला चालतं.

आता थिसिस, म्हणजे पीजीत लिहायचा संशोधनाचा प्रबंध. विषय तुम्ही सुचवू नका, गाइडना वाईट वाटतं. विषय वरच्या बॅचकडून येतो, वाड्यातल्या जुन्या भांड्यासारखा, फक्त तळाशी नाव बदलायचं. सॅम्पल साइजसाठी स्टॅटिस्टिक्सवाल्याकडे जाल तर तो विचारेल किती पेशंट होतील, तुम्ही म्हणाल ६०, मग तो असा काही फॉर्म्युला लावेल की उत्तर बरोब्बर ६० येईल. गणितावरचा विश्वास वाढतो. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन कोर्सही करावा लागतो, त्यात संशोधनाचा प्रश्न कसा शोधावा हे नीट शिकवतात, पण तो पास होईपर्यंत तुमची सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, जाऊनसुद्धा आलेली असते. शेवटी पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली (निकाल दखल घेण्याजोगा मानायची ती रेष) की गाइड खूश, नाही आली की पेशंटचा दोष.

आणि एक धोक्याची सूचना, चुकूनही डॉ. हिंमतराव बावस्करांसारखं वागू नका. हा माणूस सत्तरच्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला. तिथे लाल विंचू डसलेली माणसं, लहान पोरं, फुफ्फुसात पाणी होऊन मरत होती. तर हे रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसून नोंदी करत बसले. १९८२ ला ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुण्यात एमडी केलेला हा माणूस परत कोकणातच आला, म्हणजे बघा, काकांना विचारलं नसणार! प्राझोसिन नावाची ब्लड प्रेशरची साधी गोळी विंचवावर वापरली आणि शंभरात चाळीसच्या आसपास माणसं मरायची ती एकाच्या आसपास आली. २०२२ ला पद्मश्री मिळाली. ठीक आहे, पण क्यू-बँक, म्हणजे सरावाच्या प्रश्नांचा साठा, किती सोडवली होती? तुम्हाला मात्र एवढं करायची गरज नाही, तुमच्यासाठी हे सगळं एका मार्काच्या प्रश्नात... नाही, चार मार्कांच्या प्रश्नात बसवलंय. विंचू, प्राझोसिन, पर्याय क, पुढे चला.

एक बरंय, आता कोकणात सरकारी कॉलेजं झालीत, अलिबाग आणि ओरोसला २०२१ पासून, रत्नागिरीला २०२३ पासून. आधी आपल्या पेशंटला मुंबई, मिरज, कोल्हापूर नाहीतर गोव्यातली बांबोळी गाठावी लागायची. अजूनही लागते, पण आता निदान रेफर करणारा चिठ्ठीवर नीट अक्षरात लिहितो. आणि तुम्ही कितीही लांब पळालात तरी डीआरपी (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम) आहेच, पीजीतल्या तीन महिन्यांसाठी जिल्ह्याच्या आरोग्य सेवेत पाठवतात. तिकडे जाताना मासे मिळतील म्हणून खूश होऊन जा, आणि सोबत मोबाइल चार्ज करून न्या, रिव्हिजन होते.

माझी झाली. मी डीआरपीला आलो तो जुलै होता, भातलावणी चालू. एक दुपार ओपीडी संपत आलेली आणि मी टेबलाखाली सुपर स्पेशालिटीची क्यू-बँक सोडवत होतो, आपल्याला पुढे अजून एक नीट असते ना. प्रश्न आला, शेतात काम करणारी बाई, चार दिवस ताप, डोळे लाल, पोटऱ्या दाबल्या की ओरडते, निदान काय. लेप्टो, म्हणजे पावसाळ्यात शेतातल्या पाण्यातून होणारा ताप, हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. पण पर्यायांमध्ये स्क्रब टायफस हा तसाच दिसणारा ताप पण होता, त्यामुळे मी टायमर बघत विचार करत होतो. समोरच्या बाकावर एक आजी बसली होती, पायाला चिखल वाळलेला, पोटरीवरून हात फिरवत. मी वर बघितलं तर तिचे डोळे चांगलेच लाल होते. मी घाईने मोबाइल उलटा ठेवला, तशी ती म्हणाली,

"होवंदे तुझा झिला, मी बसलंय हंयच."