रोमन रस्ते आणि देखभालीचा खर्च : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेले काही दिवस एक संदेश सगळीकडे फिरतो आहे. रस्ता ही एकदाच करायची गुंतवणूक आहे. रोमन लोकांचे रस्ते दोन हजार वर्षे दुरुस्तीविना टिकले, मग आजच्या महामार्गांवर पुन्हा पुन्हा पैसा कशाला. काँक्रीट केले की प्रश्न कायमचा मिटतो. आणि देखभालीचा निधी हे निव्वळ चरायचे कुरण असल्यामुळे तो बंद करून सगळा पैसा नव्या रस्त्यांना द्यावा, असे त्याचे म्हणणे आहे. एरवी मी अशा मजकुराच्या वाटेला जात नाही. पण हा माझ्या थोरल्या भावाने ‘विचार करण्याजोगे’ अशी पुस्ती जोडून पाठवला. त्याची सारी नोकरी कारखान्यांचे हिशेब तपासण्यात गेली. साध्या पंपावरही घसारा धरल्याशिवाय ज्याने कधी ताळेबंद पुढे जाऊ दिला नाही, त्याला शेकडो किलोमीटरचा रस्ता मात्र झिजत नाही असे वाटावे, याला काय म्हणावे?

आधी रोमनांचे पाहू, कारण संदेशाचा सारा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. ‘दुरुस्तीविना’ हे कोणी ठरवले, देव जाणे. रोमन राज्यात रस्त्यांची निगा राखण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमले जात, आणि अमुक सम्राटाने हा रस्ता पुन्हा नीट करवला, असे लेख त्यांच्या मैलाच्या दगडांवरच कोरलेले सापडतात. इ. स. पू. ३१२ मध्ये बांधायला घेतलेल्या आप्पियन मार्गाचीही पुढे सम्राट ट्राजनने दुरुस्ती करवली होती. शिवाय त्या रस्त्यांवर भार तो किती? इ. स. ४३८ च्या थिओडोसियन संहितेत, म्हणजे रोमन कायद्यांच्या संग्रहात, सरकारी वाहतुकीतल्या सर्वांत जड गाडीलाही १५०० रोमन पौंड, म्हणजे सुमारे ४९० किलो, एवढ्याच मालाची मुभा होती. आजच्या मालमोटारीच्या एकेका आसावर, म्हणजे चाके जोडणाऱ्या दांड्यावर, दहा-दहा टन असतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर मालमोटारी सतत फिरवून जी चाचणी झाली, तिच्यातून असा ठोकताळा निघाला की रस्त्याची हानी आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे १ टनाच्या आसाच्या तुलनेत १० टनांचा आस दहापट नव्हे, सुमारे १०,००० पट हानी करतो. आज जे रोमन रस्ते पाहायला मिळतात, त्यांतले बरेचसे जड वाहतूक त्यांच्यावरून कधी गेलीच नाही म्हणून शिल्लक आहेत.

निधी बंद करण्याची सूचना मात्र नुसती हास्यास्पद नाही, घातक आहे. डांबरी रस्ता एका रात्रीत उखडत नाही. आधी केसासारख्या भेगा पडतात, साइडपट्टी उंच राहिल्यामुळे किंवा गटार तुंबल्यामुळे पाणी रस्त्यावरच साचते, ते भेगांतून खाली जाऊन खडीचा थर भिजवते, आणि मग प्रत्येक चाकागणिक त्या थरातली बारीक माती पाण्याबरोबर वर येऊ लागते. भेगा बुजवून गटार मोकळे करण्याची वेळ टळली की पुढे पायापासून सगळे उकरावे लागते. जागतिक बँकेने १९८८ मध्ये ८५ विकसनशील देशांतल्या रस्त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. वेळेवर देखभाल न झाल्यामुळे या देशांनी सुमारे ४५ अब्ज डॉलरचे रस्ते गमावले, आणि १२ अब्ज डॉलरपेक्षा कमी खर्चात ते वाचवता आले असते, असा त्याचा निष्कर्ष होता. वाहनांची मोडतोड आणि वाया गेलेले इंधन हा वाहनधारकांच्या खिशातून गेलेला पैसा तर निराळाच.

काँक्रीटचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. चांगले काँक्रीट डांबरापेक्षा जास्त टिकते. मात्र त्याच्या सांध्यांतला भरणा काही वर्षांनी निघून येतो, तो वेळेवर बदलला नाही तर पाणी तिथूनच खाली उतरते, आणि खचलेला स्लॅब बदलणे हे डांबराचे ठिगळ लावण्याइतके सोपे नसते.

भ्रष्टाचाराचेही तसेच. विखुरलेल्या लहान कामांत पैसा मुरवणे सोपे असते, हे खरे आहे. त्यावर इलाज म्हणून अर्जेंटिना आणि उरुग्वे यांनी १९९० च्या दशकात किती डांबर ओतले यापेक्षा रस्ता ठरलेल्या दर्जाचा राहिला की नाही, हे पाहून ठेकेदाराला पैसे देणारे करार वापरून पाहिले. निधीच बंद करा, असे त्यांना सुचले नाही.

राहता राहिला ‘सगळा पैसा नव्या रस्त्यांना’ हा आग्रह. अमेरिकेने १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्ग उभारले, तेव्हा बांधणीचा ९० टक्के खर्च केंद्राने उचलला आणि देखभाल राज्यांच्या गळ्यात टाकली. वीस वर्षांत त्यांतले जुने पट्टे झिजले, आणि त्यांच्या पुनर्पृष्ठीकरणासाठी, म्हणजे वरचा थर नव्याने घालण्यासाठी, केंद्रीय निधी देण्याची तरतूद १९७६ मध्ये नव्या कायद्याने करावी लागली. तिथे निदान राज्ये तरी पदरचा पैसा घालत होती. या संदेशात तेवढीही सोय ठेवलेली नाही.