शिवमडक्याला बटण दाबून शिर्डीपर्यंत डोळे मिटता येत नाहीत

नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लेव्हल २ एडास (चालकाला मदत करणारी कॅमेरा-रडारची यंत्रणा) असलेली नवी इलेक्ट्रिक गाडी घ्या, तिचं एडास जास्त अचूक असतं. शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढलात की क्रूझ (ठरवलेला वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपोआप राखणारी सोय) १२० वर लावा, शिर्डीपर्यंतचे ५२० किलोमीटर गाडी लेन धरून स्वतःच जाते. रडारला अंधारात आणि धुक्यातही दिसतं. जनावर आडवं आलं तर ब्रेक आपोआप लागतो. हात काढल्याचा इशारा नको असेल तर स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवा. गाडीला पाच तारे आहेत, म्हणजे हे सगळं तपासलेलं आहे. आणि काही झालंच तर जबाबदारी कंपनीची. यातला जवळपास प्रत्येक दावा चुकीचा आहे आणि दोन-तीन तर जीव घेतील असे आहेत.

"लेव्हल २ म्हणजे गाडी स्वतः चालते."

लेव्हल ० ते ५ ही उतरंड एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेली आहे. लेव्हल २ मध्ये गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्ही सांभाळते, पण रस्त्यावर लक्ष ठेवण्याचं काम पूर्णपणे चालकाचंच राहतं. ठरावीक परिस्थितीपुरती का होईना, पण पाहण्याची जबाबदारी यंत्राकडे जाते ती लेव्हल ३ पासून. शोरूममध्ये ऐकू येणारा 'लेव्हल २+' हा शब्द त्या उतरंडीत कुठेच नाही, तो जाहिरातीचा आहे. चालकाचं लक्ष क्षणभर चुकलं तर सावरून घेणं एवढ्यासाठी ही यंत्रणा बनवलेली आहे. मेसेज याच्या नेमकं उलटं सांगतो: यंत्र चालवेल आणि ते चुकलं तर माणूस सावरेल. अर्धा तास स्वस्थ बसलेल्या माणसाला एका सेकंदात परिस्थिती ओळखून स्टिअरिंग हातात घेणं जमत नाही.

२९ मार्च २०२५ च्या रात्री चीनमधल्या आन्हुई प्रांतात हेच घडलं. शाओमी एसयू७ ही इलेक्ट्रिक गाडी एक्सप्रेसवेवर सहाय्यक प्रणालीच्या भरवशावर ताशी ११६ किलोमीटरने चालली होती. पुढे कामामुळे लेन बंद होती. गाडीने अडथळ्याचा इशारा दिला, चालकाने ताबा घेतला, आणि दोनेक सेकंदांत गाडी सुमारे ९७ च्या वेगाने काँक्रीटच्या कठड्यावर आदळली. तिघी तरुणी गेल्या. समृद्धीवरही दुरुस्तीसाठी लेन बंद होते आणि वाहतूक शंकू लावून वळवली जाते.

"रडारला अंधारात, धुक्यात सगळं दिसतं."

याच दाव्यावर लोक सगळ्यात जास्त विसंबतात, म्हणून इथे जरा थांबू. गाडीच्या पुढचं रडार ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतं. धुकं आणि अंधार त्याला फारसे अडवत नाहीत, हे खरं. पण रडारला वस्तूचं अंतर आणि वेग चांगला कळतो, ती वस्तू काय आहे हे नीट कळत नाही. तुम्ही १०० ने चालला असाल तर दिशाफलक, दुभाजकाचा कठडा, पुलाचा गर्डर, रस्त्यात पडलेला पत्र्याचा डबा, सगळेच रडारच्या लेखी १०० च्या वेगाने अंगावर येत असतात. त्या प्रत्येकासाठी ब्रेक लागला तर मागून येणारा ट्रक तुमच्यावर चढेल. म्हणून मोठ्या वेगात, स्थिर वस्तूकडून आलेला प्रतिध्वनी बहुतेक प्रणाली सोडून देतात, किंवा कॅमेऱ्याने 'हे वाहन आहे' असं सांगितल्यावरच जमेस धरतात. म्हणजे थांबलेल्या वाहनाबाबत शेवटचा शब्द कॅमेऱ्याचा. आणि कॅमेऱ्याला अंधारात तुमच्या हेडलाइटपुरतंच दिसतं.

आता हिशेब करा. १२० च्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, पूर्ण दाबाने ब्रेक लागला तरी थांबायला सुमारे ८० मीटर लागतात. माणसाच्या प्रतिक्रियेचा दीड सेकंद धरला तर आणखी ५०. डिपरचा उपयोगी उजेड असतो ५०-६० मीटर. टेल लाइट नसलेला, बंद पडलेला ट्रक कॅमेऱ्याला ६० मीटरवर ओळखू आला, त्याच क्षणी ब्रेक लागला, तरी गाडी ट्रकपाशी पोचेल तेव्हा तिचा वेग ताशी ६० च्या आसपास असेल. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही, अंतरच पुरत नाही. ८० च्या वेगात ब्रेकला सुमारे ३५ मीटर लागतात, म्हणून तिथे वाचण्याची शक्यता बरीच असते.

धुक्यात रडार चालू राहतं, पण कॅमेरा आंधळा होतो. मग लेन धरणं बंद पडतं आणि कॅमेऱ्याच्या दुजोऱ्यावर लागणारा ब्रेकही. मीटरवर एक छोटा संदेश येतो, तेवढंच.

पुढची गाडी अचानक लेन सोडते आणि तिच्यापुढे उभा असलेला ट्रक उघडा पडतो, हा प्रसंग तर आणखी वाईट. क्रूझच्या दृष्टीने पुढचा रस्ता मोकळा झालेला असतो, म्हणून गाडी ठरवलेला वेग गाठायला जोर लावते. इलेक्ट्रिक मोटरचा टॉर्क लगेच मिळतो, त्यामुळे हा जोर पेट्रोल गाडीपेक्षा झटक्यात येतो. वळणावर पुढची गाडी रडारच्या पट्ट्याबाहेर गेली तरी असंच होतं. इंटरचेंजच्या वळणावर उतरण्याआधी क्रूझ हाताने बंद करायची ती याचसाठी.

"जनावर आलं तर ब्रेक लागतोच."

नागपूरहून निघणाऱ्यांनी तर यावर मुळीच विश्वास ठेवू नये. या प्रणालींना मुख्यतः वाहनं, पायी माणसं आणि दुचाकी-सायकली ओळखायला शिकवलेलं असतं. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत 'प्राणी ओळखले जातीलच असं नाही' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मनसर-देवलापारच्या पुढे पेंचच्या पट्ट्यात वन्यप्राण्यांसाठी महामार्गाखालून वाटा बांधल्या आहेत, पण त्या सोडल्या तर चितळ, रानडुक्कर, नीलगाय कुठूनही रस्त्यावर येऊ शकतात. उमरेड रोडवर संध्याकाळी बसलेली गुरं असतात. बसलेल्या गाईचा आकार कॅमेऱ्याने शिकलेल्या कुठल्याही आकाराशी धड जुळत नाही आणि रडारला ती स्थिर वस्तू वाटते.

माणसांच्या बाबतीतही मर्यादा आहे. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता-सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये अपघातांची आकडेवारी तपासली. स्वयंचलित ब्रेकमुळे पादचाऱ्यांना धडकण्याचं प्रमाण एकूण २७ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं, पण पथदिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यांवर काहीच फरक पडलेला नव्हता.

ट्रकमधून मागे निघालेल्या लोखंडी सळ्यांचंही तसंच. यंत्रणा अंतर मोजते ते ट्रकच्या मागच्या भागापर्यंत. दोन मीटर बाहेर आलेल्या सळ्या त्या हिशेबात धरल्या जातील याची खात्री नाही. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली आणि आउटर रिंग रोडच्या कटवर आडवा वळणारा लांब ट्रेलर हेही याच यादीत येतात. २०१६ च्या मे महिन्यात फ्लोरिडात ऑटोपायलटवर, म्हणजे टेस्लाच्या अशाच सहाय्यक प्रणालीवर, चाललेली टेस्ला गाडी अशाच आडव्या ट्रेलरखाली गेली होती. प्रणालीला तो ट्रेलर अडथळा म्हणून ओळखताच आला नाही.

"लेन धरून गाडी आपोआप जाते."

पट्टे दिसले तर जाते. समृद्धीचा बराचसा रस्ता फिकट काँक्रीटचा आहे. भर दुपारी त्यावरचा पांढरा पट्टा कॅमेऱ्याला उठून दिसत नाही. सांध्यात भरलेल्या डांबराची काळी रेघ मात्र पट्ट्यासारखी दिसू शकते. नागपूरहून संध्याकाळी निघालात तर मावळता सूर्य समोर असतो, शिर्डीहून पहाटे परत निघालात तर उगवता. दोन्ही वेळी कॅमेऱ्याच्या डोळ्यांत थेट ऊन. मे महिन्यात ४५ अंशांत तीन तास उन्हात उभी राहिलेली गाडी सुरू केली की कॅमेरा तापल्याचा संदेश येऊन लेन आणि ब्रेकची मदत काही वेळ बंद राहू शकते. बिघाड समजून घाबरू नका. एसी काचेवर सोडा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, आणि संदेश जाईपर्यंत ही मदत नाहीच असं धरून चालवा.

"बाटली अडकवा, इशारा बंद."

हा सल्ला देणाऱ्याने मेसेज पुढे पाठवण्याआधी आपल्या घरच्यांचा विचार करावा. हात स्टिअरिंगवर आहेत की नाहीत हे बऱ्याच गाड्या स्टिअरिंगवरच्या हलक्या ओढीवरून ताडतात, आणि बाटलीच्या वजनाने तीच ओढ खोटी तयार होते. याचा अर्थ झोप लागलेल्या चालकाला जागं करणारी एकमेव घंटा तुम्ही कापली. समृद्धीसारख्या लांब, सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागण्याचा धोका आधीच मोठा. हात ओळखणाऱ्या यंत्रणांचा कमकुवतपणा जगभर मान्य झालेला आहे: २०२४ मध्ये आयआयएचएसने अर्धवट स्वयंचलित अशा १४ प्रणाली तपासल्या, त्यांतल्या ११ चालकाला दक्ष ठेवण्याच्या सुरक्षा-निकषांवर सर्वांत खालच्या श्रेणीत गेल्या.

"पाच तारे आहेत." २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप या धडक-चाचणी कार्यक्रमाचे तारे प्रामुख्याने धडकेनंतर आतली माणसं किती सुरक्षित राहतात यावर मिळतात: समोरून ६४ च्या वेगाची धडक, बाजूने ५० ची. लेन धरणं किंवा क्रूझ किती भरवशाचं आहे, हे त्या ताऱ्यांवरून कळत नाही.

"जबाबदारी कंपनीची." तसं नाही. बेदरकार चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आणि भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ लागतं ते चालवणाऱ्यावर. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर कलम १०६. लेव्हल २ चालू होतं हा त्यातला बचाव नाही, कारण चालकाने लक्ष द्यायचं आहे असं गाडीच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं.

"इलेक्ट्रिक गाडीचं एडास जास्त अचूक." कॅमेरे आणि रडार त्याच प्रकारचे असतात, गाडी डिझेलची असो की बॅटरीची. इलेक्ट्रिक ब्रेक बूस्टरमुळे दाब थोडा लवकर तयार होतो एवढंच, आणि तोही आता अनेक पेट्रोल गाड्यांत असतो. उलट बॅटरीमुळे गाडी काहीशे किलोंनी जड असते आणि शेवटी ब्रेक किती लागेल ते टायरची पकड ठरवते. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: हे सेन्सर मोठ्या बॅटरीवर नाही, १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. ती कमजोर झाली की एडासच्या बिघाडाचे संदेश एकामागून एक मीटरवर यायला लागतात. सर्व्हिसला तिचा व्होल्टेज तपासून घ्या.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो काच आणि बंपरच्या कामात. कॅमेरा समोरच्या काचेला चिकटलेला असतो, रडार बंपरच्या खालच्या जाळीत किंवा लोगोच्या मागे. सेन्सर १ अंशाने फिरला तर १०० मीटरवर पावणेदोन मीटरची चूक होते, म्हणजे अर्धी लेन. तुमच्या पुढची गाडी त्याला शेजारच्या लेनमधली वाटेल. काच बदलली, बंपर काढला, सस्पेन्शनचं काम झालं की कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरची दिशा पुन्हा नेमकी जुळवणं, करावंच लागतं: सपाट जमीन, रिकामी गाडी, टायरमध्ये नेमकी हवा, ठरलेल्या अंतरावर लक्ष्यफलक, आणि काही गाड्यांत त्यानंतर स्पष्ट पट्ट्यांच्या रस्त्यावर ठरावीक वेगाने फेरी. 'मीटरवर दिवा नाही, म्हणजे ठीक आहे' हे उत्तर स्वीकारू नका, थोडी वाकडी बसलेली यंत्रणा इशारा देईलच असं नाही. कॅलिब्रेशनच्या अहवालाची छापील प्रत मागा. काच घेताना कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटसह कंपनीच्या मापाचीच घ्या, स्वस्त काचेतून चित्र किंचित वाकतं.

घरगुती अडथळेही पाहा. फास्टॅग आरशामागे चिकटवताना तो कॅमेऱ्याच्या खिडकीवर जाऊ देऊ नका. डॅशबोर्डवर पांढरा कपडा किंवा कागद ठेवला तर त्याचं प्रतिबिंब काचेत उमटून कॅमेऱ्याला दिसतं. दसऱ्याला घातलेला हार आणि लिंबू-मिरची रडारच्या समोरून काढा. लोखंडी गार्ड तर नकोच.

इतकं वाचून सगळंच बंद करून ठेवावं असं वाटेल. तेही चुकीचं ठरेल. पुढच्या वाहनाला मागून धडकण्याचे अपघात स्वयंचलित ब्रेकमुळे निम्म्याने कमी होतात, असं याच आयआयएचएसच्या अभ्यासात दिसलं आहे. शहरातल्या सततच्या पीं-पींला कंटाळून अनेक जण मेन्यूत जाऊन तो ब्रेकच बंद करतात. करू नका. सीताबर्डी, कामठी रोड, वाडी अशा गर्दीत क्रूझ आणि लेन धरणं बंद ठेवा, कारण क्रूझने सोडलेल्या जागेत दुचाकी घुसते, गाडी दचकून ब्रेक मारते आणि मागचा आदळतो. टक्कर-इशारा, स्वयंचलित ब्रेक, ब्लाइंड स्पॉट आणि रिव्हर्स घेतानाचा आडव्या वाहतुकीचा इशारा मात्र चालू राहू द्या. इशारा फार लवकर वाजत असेल तर तो 'उशिरा' वर ठेवा.

समृद्धीवर क्रूझचं अंतर सर्वांत लांबच्या टप्प्यावर ठेवा, दिवसा वेग १०० लावा. रात्री समोरचा रस्ता मोकळा असेल तेवढा वेळ अप्पर, डिपरवर आलात की ८० च्या खाली या. हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकजवळ. दर दोन तासांनी उतरून थांबा, आणि त्याच थांब्यावर ओल्या कपड्याने कॅमेऱ्यासमोरची काच आणि रडारचं झाकण पुसून घ्या.