दोन तास नाही ताई, दोन दिवस!

ताई, माझ्या बाकल्यावच्या (पोर्तुगीज खारवलेल्या कॉड माशाच्या) कृतीवर एवढं सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत, नीट उत्तर देता येतंय. तुमचं म्हणणं असं की बटाटे घालून बेक केलेला बाकल्याव खारटढाण झाला, घरात कोणी तोंड लावलं नाही, मासा दुधात ठेवणं म्हणजे विरुद्ध आहार, मसाल्याचा पत्ता नाही, आणि एवढा महाग कॉड आणण्यापेक्षा आपला खारा बांगडा काय वाईट.

आधी खारटपणाचं बोलू. तुम्हीच लिहिलंय की मासा दोन तास भिजवला. मी दोन दिवस लिहिलेत ते उगाच नाही हो. मीठ पार आतपर्यंत मुरलेलं असतं, नळाखाली कितीही धुतला तरी वरचंच जातं, आतलं बाहेर यायला वेळ लागतोच. शेपटीकडच्या पातळ तुकड्याला २४ तास पुरतात, मधल्या जाड तुकड्याला ३६ ते ४८. भरपूर गार पाणी, भांडं फ्रिजमध्येच, कातडी वरच्या बाजूला म्हणजे सुटलेलं मीठ खाली बसतं, आणि दिवसातून तीन-चारदा पाणी बदलायचं. मग जाड भागाच्या मधोमधचा इवलासा कण तोडून चाखायचा. किंचित खारा लागला तर उत्तम, कारण बटाटा आणि कांदा ते मीठ ओढून घेतात.

दुधाचं म्हणाल तर ती माझी कल्पना नाही. ही डिश पोर्तुगालच्या पोर्तो शहरातली, बाकल्याव आ गोमिश द सा. तिथले व्यापारी झुझे लुईश गोमिश द सा (१८५१–१९२६) यांच्या नावावर ती आहे, आणि त्यांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कृतीत सोललेल्या, काटे काढलेल्या माशाचे पदर गरम दुधात दीड-दोन तास ठेवायला सांगितलेत. त्याने मासा मऊ होतो आणि उरलासुरला खारटपणाही कमी होतो. पण तुम्ही पथ्य पाळत असाल तर दूध खुशाल वगळा, पोर्तुगालातही कितीतरी घरांत वगळतात, डिश बिघडत नाही.

मसाला मात्र नको, प्लीज. इथे सगळी चव कांद्यात आहे. भरपूर कांदा, पातळ उभा चिरलेला, लसणाबरोबर ऑलिव्ह ऑइलमध्ये मंद आचेवर इतका वेळ ठेवायचा की तो लोळागोळा व्हायच्या जरा आधी थांबेल, गोडसर होईल, पण बिर्याणीच्या कांद्यासारखा लाल नाही. त्यात सालासकट उकडून मग सोललेल्या बटाट्याच्या चकत्या आणि मासा अलगद हलवायचा, तेल हात आखडून घालायचं नाही, आणि गरम ओव्हनमध्ये १०-१५ मिनिटं, कडा सोनेरी होईपर्यंत. उकडलेलं अंडं, काळी ऑलिव्ह आणि पार्सली वरून, बाहेर काढल्यावर.

आणि खारा बांगडा मला जीव की प्राण आहे, पेजेबरोबर त्याला तोड नाही, पण तो तेलकट मासा, वासाला उग्र, या कांद्या-बटाट्याला गिळून टाकेल. कॉडच्या मांसात चरबी अगदी कमी, म्हणून मिठात महिनोन् महिने टिकतो आणि शिजल्यावर त्याचे जाड पदर सुटतात. ताज्या बासा माशाचं विचारलंत, तो पाणी सोडतो आणि बटाट्यात विरघळून जातो, त्यापेक्षा सरळ फिश फ्राय करा.

अर्धा तुकडा अजून शिल्लक आहे म्हणालात ना, तो फेकू नका. शुक्रवारी सकाळी भिजत घाला, रविवारी जेवणाला करा, आणि वरून चिमूटभरही मीठ घालू नका.